मॅचिंगआत्या आणि थोरलीचा रंग

काळ्या दोऱ्याचं रीळ परत आलं त्या दिवसापासून आत्याचं काहीतरी बिनसलं.

रीळ परत घेऊन आली होती कोट शिवणारी बाई, दुकानाची जुनी गिऱ्हाईक. ती रागावली नव्हती. उलट तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "आत्या, कापड गडद निळं आहे हो, आणि दोरा निघाला काळा. रात्री दिव्याखाली कळलं नाही. सकाळी उन्हात बघते तर सगळी शिवण उठून दिसतेय."

आत्याने रीळ घेतलं, कापडाच्या तुकड्यावर ठेवलं आणि दाराशी उजेडात नेलं. मी मागे बटणांचे खोके लावत होते. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. मग वळली आणि म्हणाली, "खोक्यात सरमिसळ झाली असणार. यातलं तुला कुठलं बरं वाटतं ते बघून घे." आणि निळ्या-काळ्या रिळांचा अख्खा खोका तिने बाईपुढे ठेवला.

आत्याने गिऱ्हाइकाला रंग निवडायला सांगितलं, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. दुकान दोरे, बटणं, अस्तरं, लेस यांचं. आजोबांनी सुरू केलं, त्यांच्यामागे तिने चालवलं. शिवणाऱ्या बायका कापडाची चिंधी घेऊन यायच्या, आत्या त्या चिंधीकडे एकदा बघायची, मागे न वळता हात मागे न्यायची आणि नेमकं रीळ काढून समोर ठेवायची. त्यामुळे सगळा परिसर तिला मॅचिंगआत्या म्हणायचा. तिने लग्न केलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "जुळलं नाही," आणि स्वतःच खो खो हसायची, कारण साऱ्या जगाचं जुळवून देणारी तीच.

पण दुकान हे तिचं पोट होतं. जीव होता बसमध्ये.

दुकानासमोर महापालिकेचा बसस्टॉप आहे. लहानपणी आजोबा तिला काउंटरवर बसवायचे आणि ती दिवसभर बस बघायची. तेव्हाच्या बस खालून बाटलीसारख्या हिरव्या, वरून दुधावरच्या सायीच्या रंगाच्या. दोन्हींच्या मध्ये किरमिजी रंगाची बारीक रेघ, कपड्याला गोट लावावा तशी. नंबर सोनेरी, त्यांना काळी सावली. आत्या म्हणायची, "बस अंगभर कपडे घालून यायची." पुढे ते रंग गेले. बस आधी नुसत्या पांढऱ्या झाल्या आणि मग नखशिखान्त जाहिरातींत गुंडाळल्या गेल्या. "आता साबण येतो, बिस्किट येतं, बँक येते. बस कुठे येते?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. घरी पाहुणे आले की कुठल्या डेपोतला रंगारी हिरव्यात काळा जरा सढळ हाताने घालायचा, हे ती इतकं रंगून सांगायची की पाहुणे चहा गरम असतानाच संपवायचे. माझे बाबा म्हणायचे, "हिची बस एकदा सुटली की मधल्या स्टॉपला थांबत नाही."

तिच्यासारखेच दोन वेडे तिला भेटले होते. एक दंतवैद्य. त्यांच्या दवाखान्यात दाढांच्या तक्त्याशेजारी जुन्या बसचे फोटो लावलेले असत, आणि दात काढताना ते पेशंटला इंजिनाचे प्रकार समजावत. दुसरे निवृत्त ड्रायव्हर. कोणी बोलायला लागलं की त्याला मध्येच थांबवायची त्यांना खोड, म्हणून त्यांचं नाव ब्रेककाका. रविवारी दवाखाना बंद असला की पेशंटांच्या बाकावर या तिघांची बैठक भरायची.

या तिघांनी मिळून थोरली शोधली होती. डेपोच्या मागच्या कुंपणाला लागून एक जुनी बस उभी होती. चाकं काढलेली, आत बाकडी टाकलेली. कामगार तिच्यात बसून डबे खात. त्या बनावटीची ती शेवटचीच उरली होती, म्हणून यांनी तिचं नाव थोरली ठेवलं. दंतवैद्यांनी अर्जविनंत्या करून वरच्या साहेबांना पटवलं, बससेवेचा वर्धापनदिन जवळ येत होता, आणि डेपोच्या वर्कशॉपच्या फोरमनला हुकूम आला: ही गाडी जुन्या रूपात उभी करा.

फोरमन तसा रुक्ष माणूस, पण काम हातात घेतल्यावर त्यालाच गोडी लागली. गंजलेले पत्रे उतरवून नवे ठोकले, इंजिन जागं केलं. प्रश्न उरला रंगाचा. हिरवा सापडला, कारण भांडाराच्या माळ्यावर त्याचा जुना डबा होता. सायीचा रंग मात्र कुठेच नव्हता. पत्रे नवे, फोटो एकतर काळेपांढरे नाहीतर पिवळे पडलेले. दंतवैद्य म्हणाले, "काळजी कशाला? आपल्याकडे मॅचिंगआत्या आहेत."

काळं रीळ परत आलं त्याच आठवड्यात फोरमनचा निरोप आला. आत्याने मला सोबत चल म्हटलं. एरवी डेपोत जायचं म्हणजे ती लग्नघरी निघाल्यासारखी निघायची. त्या दिवशी रस्ताभर गप्प होती आणि चष्मा पुसत होती.

वर्कशॉपच्या भिंतीला पत्र्याचे तीन तुकडे टेकवून ठेवले होते. तिन्ही रंगवलेले. पहिला जवळजवळ पांढरा, दुसरा मऊ पिवळसर, तिसरा चांगलाच पिवळा. फोरमन, दंतवैद्य, ब्रेककाका आणि हातात ब्रश घेतलेला रंगारी, सगळे अर्धगोलात उभे होते आणि आत्याकडे बघत होते. डॉक्टर नाडी हातात घेतात तेव्हा घरची माणसं बघतात ना, तसे.

आत्या पुढे झाली. मागे आली. परत पुढे झाली.

ब्रेककाका म्हणाले, "मला तर वाटतं…"

"काका, थांबा," दंतवैद्य म्हणाले. "आत्यांना बघू द्या."

आत्याने हात वर केला आणि पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा."

मला जरा नवल वाटलं. तो मला सायीपेक्षा चुन्याला जवळचा वाटत होता. पण मी त्या बस रस्त्यावर कधी पाहिलेल्या नव्हत्या. मी कोण बोलणार? फोरमनने तुकड्यावर खडूने खूण केली, रंगारी मान डोलवत निघून गेला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आत्याचा सोडून. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "बरं नाही का गं?" तर म्हणाली, "ऊन लागलं."

दोन-चार दिवसांनी मी दुपारी दुकानात शिरले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आत्या काउंटरवर पांढऱ्या अस्तराचं ठाण उलगडून बसली होती. एका हाताने डावा डोळा झाकायची, अस्तराकडे बघायची. मग उजवा झाकायची, परत बघायची. मी हाक मारली तशी ती चोरी पकडल्यासारखी दचकली.

"काय करतेस?"

तिने आधी काही नाही, काही नाही केलं. मग अस्तराचं टोक माझ्या हातात दिलं. "हे कसं दिसतं तुला?"

"पांढरं."

"शुभ्र पांढरं?"

"हो."

"मला या डोळ्याने चहा सांडल्यासारखं दिसतं," ती उजव्या डोळ्यावर हात ठेवून म्हणाली, म्हणजे डाव्याने. "आणि या दुसऱ्याने जरा कमी. पण दिसतंच." मग ती खाली बसली. "त्या दिवशी डेपोत पहिला आणि दुसरा पत्रा मला एकसारखे दिसले गं. अगदी एकसारखे. तिसरा तेवढा वेगळा कळला."

"मग तू बोललीस का नाहीस?"

"सगळे माझ्याकडे बघत होते."

एवढंच म्हणाली. मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या. तर तिने माझा हातच धरला. दादाला सांगायचं नाही, म्हणजे माझ्या बाबांना. दादा दुकान बंद करायला लावेल. दुकानात येणाऱ्या बायकांना कळलं तर उद्यापासून कोण येईल? रंग न दिसणाऱ्या मॅचिंगआत्याकडे कोण चिंधी घेऊन येईल? आणि डॉक्टर तर डोळा कापायचंच म्हणणार. तिच्या एका मैत्रिणीचा डोळा कापल्यावर जो गळायला लागला तो गळतच राहिला. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, मधूनमधून दाराकडे बघत. मी कबूल झाले. आज वाटतं तेव्हाच बाबांच्या कानावर घालायला हवं होतं, पण तिने धरलेला हात घामाने ओला झालेला होता आणि मला नाही म्हणवेना.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुकानात गिऱ्हाईक आलं की आत्या मला हाक मारायची आणि मोठ्याने म्हणायची, "जरा शीक गं, सांग बघू यांना कुठला दोरा लागेल?" बायकांना वाटायचं आत्या भाचीला तयार करतेय. मी रीळ काढायची, आत्या मान हलवायची, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. मी नसले की ती दुकानाच्या दाराला अर्धी फळी लावून बसायची. जेवण कमी झालं. समोरच्या स्टॉपवर बस आली की पूर्वी मान आपोआप वर व्हायची. आता ती मुद्दाम खोक्यांकडे तोंड करून बसायची.

"हिरवा लावून झाला," एक दिवस दंतवैद्यांचा फोन आला. "आता आपला सायीचा सुरू."

फोन ठेवल्यावर आत्याने बसल्या जागी लेसचं एक बंडल उलगडलं आणि परत गुंडाळलं. परत उलगडलं. मग म्हणाली, "चल."

आम्ही पोचलो तेव्हा थोरली उघड्या शेडमध्ये उभी होती. मी तिला पहिल्यांदाच पायावर उभी बघत होते. खालचा हिरवा असा गर्द होता की हात लावायचा मोह व्हावा. वरच्या भागाची दारापासची अख्खी बाजू रंगवून झाली होती. दुसरी बाजू अजून रंगाआधी लावतात त्या अस्तराच्या राखाडीत होती. रंगारी पुढच्या तोंडाकडे वळायच्या तयारीत डब्यात काठी ढवळत होता.

आत्या रंगवलेल्या बाजूसमोर उभी राहिली. "कसा दिसतो?" तिने हळूच विचारलं.

मी रंगाऱ्याच्या डब्याकडे बघितलं.

"तुला विचारतेय मी. खरं सांग."

"पांढरा आहे गं आत्या. फ्रिजसारखा."

तिने एकदा डोळे मिटले. मला वाटलं आता ही म्हणणार, घरी चल. पण ती सरळ फोरमनच्या टेबलाकडे चालू लागली. दंतवैद्य आणि ब्रेककाका तिथेच बसले होते. टेबलाची कड धरून ती म्हणाली, "काम थांबवा. रंग चुकलाय."

"चुकलाय म्हणजे?" फोरमन उठला. "तुम्हीच तर…"

"मीच. मला रंग दिसत नाहीत नीट. त्या दिवशीही दिसले नव्हते. मी अंदाजाने बोट ठेवलं."

फोरमनने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली. "अहो बाई, कार्यक्रम तोंडावर आलाय! पाहुण्यांना आमंत्रणं गेली. अंदाजाने?"

दंतवैद्यांचा चेहरा पडला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आम्हाला सांगायचं होतंत, आत्या. आम्ही काय परके आहोत?" आणि ते ऐकून आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, जे फोरमनच्या ओरडण्याने आलं नव्हतं.

रंगाऱ्याने ढवळणं थांबवलं. काठीवरून थेंब डब्यात पडत होते.

ब्रेककाका म्हणाले, "आता रडून काय होणार? आत्या, तुम्हीच सांगा, तुमच्या दुकानात कापडाचा खरा रंग कुठे बघता?"

आत्याने पदराने डोळे टिपले. "शिवणीच्या आत. ऊन लागलेलं नसतं तिथे." आणि बोलता बोलता ती थांबली. "या गाडीला अशी जागा नसेल का कुठे? पत्रे बदलले, पण सगळंच तर बदललं नाही ना तुम्ही?"

फोरमनने डोकं खाजवलं. मग सगळेच थोरलीला भिडले. फोरमन खाली घुसला, रंगारी छतावर चढला, ब्रेककाका त्यांच्या जुन्या सीटवर बसून आजूबाजूचं एकेक झाकण ठोठावत होते. मी दाराच्या फटीत बोटं घालून बघत होते. आत्या मात्र बाहेर उभी होती, हात एकमेकांत गुंतवून. तिला शोधून उपयोग नव्हता. सापडलं तरी दिसणार नव्हतं.

सापडलं दंतवैद्यांना. ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटीचा डबा असतो, बस कुठे जाणार हे दाखवणारा. तो डबा जुनाच ठेवला होता. त्याच्या आणि कपाळपट्टीच्या मध्ये बोटभर फट होती. दंतवैद्यांनी खिशातून दात बघायचा तो छोटा गोल आरसा काढला, फटीत सरकवला आणि बॅटरी मारली. "आ कर, बाई," ते थोरलीला म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढला. "आहे! आहे इथे!"

फोरमनने डब्याचे स्क्रू सैल केले. मागे काजळीचा थर होता. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर खालून रंग वर आला. मी दुसऱ्या नंबरचा पत्रा धावत घेऊन आले आणि शेजारी धरला. फरक होता, पण एवढासा. पहिला पत्रा धरला तर दोघांत आकाशपाताळाचं अंतर. दंतवैद्य, फोरमन, रंगारी, ब्रेककाका, सगळ्यांनी आळीपाळीने बघितलं आणि सगळे दुसरा, दुसरा म्हणाले.

"बरोबर आहे ना गं?" आत्याने मला विचारलं.

"बरोबर आहे."

आता पंचाईत वेगळीच. रंगवलेली बाजू अजून ओली होती. वरून दुसरा हात मारला तर रंगाला सुरकुत्या पडणार, खरवडली तर पुन्हा पत्र्यापासून सुरुवात, आणि तेवढा वेळ हातात नव्हता. फोरमन शेडमध्ये येरझाऱ्या घालत होता. शेवटी तो म्हणाला, "पुढचं तोंड, मागचं तोंड आणि ती बाजू बरोबर रंगात करू. ही बाजू आहे तशी जाईल. कार्यक्रम झाला की बघू."

"दोन बाजू दोन रंगांच्या?" दंतवैद्य किंचाळले.

"बसच्या दोन्ही बाजू एकदम कोण बघतो हो?"

"मी बघतो!"

"तुम्ही तोंडात बघा," फोरमन म्हणाला. पण तो आता हसत होता. जाताना त्याने आत्याला खुर्ची दिली आणि पाणी आणवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्याला यायचंच नव्हतं. डोकं दुखतंय म्हणाली. ब्रेककाका घ्यायला आले आणि म्हणाले, "तुम्ही नाही तर मी स्टीअरिंगला हात लावत नाही." तेव्हा ती उठली. माझे बाबाही आले होते. त्यांना बसमध्ये काडीचा रस नव्हता, पण बहिणीचा मान आहे म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

भाषणं झाली, फीत कापली, थोरली निघाली. आत्या खिडकीशी बसली होती, पण बाहेर बघत नव्हती. रस्त्याकडेचे लोक हात हलवत होते, फोटो काढत होते, आणि प्रत्येक फोटोला आत्या अंग चोरून घेत होती. फूटपाथवर कोणी बोट दाखवलं की तिला वाटायचं, रंगाकडेच. पुढे बाजाराच्या रस्त्याला काचेच्या भिंतींची मोठी दुकानं आहेत. तिथे तर तिने माझा दंड घट्ट पकडला, कारण काचेत आमची एक बाजू लखलखत होती आणि समोरच्या फूटपाथवर उभ्या लोकांना दुसरी बाजू दिसत होती. म्हणजे काचेत जरा तिरकं बघितलं की त्यांना दोन्ही. "आता कळणार," ती पुटपुटली. "आता कोणीतरी ओरडणार."

कोणी ओरडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ काठी वर करून काहीतरी म्हणाले, पण ते ब्रेककाकांना ओळखून. थोरली त्या काचांपुढून सुखरूप निघून गेली. आत्याच्या कपाळावरचा घाम मी माझ्या रुमालाने पुसला.

डेपोत परत आल्यावर सगळे खाली उतरले. बाबा गाडीला एक फेरी मारून आले. हा माणूस आयुष्यात कधी मोज्यांची जोडी जुळवून घालू शकला नाही. आई त्यांचे कपडे काढून ठेवायची म्हणून निभावलं. ते आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं, या बाजूला रंग कमी पडला का? ही पांढरी, ती पिवळी."

फोरमन खोकला. दंतवैद्यांना एकदम फोन करायची आठवण झाली.

बाबा आत्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू निवडलास ना रंग? आणि तुला हे दिसलं नाही?"

"दादा…"

"मला दिसलं आणि तुला दिसलं नाही?" ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरले होते ते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली तेव्हा त्यांना उरलेलंही कळलं. घरी गेल्यावर मला जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबाच तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मोतीबिंदू होता. दोन्हीकडे, डावीकडे जास्त. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आत्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, मैत्रिणीच्या गळणाऱ्या डोळ्यासकट, आणि म्हणाल्या, "पिवळ्या काचेतून जग बघताय तुम्ही. काच बदलू." आत्याने विचारलं, "बदलल्यावर मला दिसतील ते रंग खरे कशावरून?" त्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांना दिसतात तसे दिसतील. त्याहून जास्त मी नाही सांगू शकत."

ऑपरेशनच्या सकाळी आत्याने बाबांचा शर्ट मुठीत धरून ठेवला होता. आत नेताना परिचारिकेला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. आम्ही बाहेर बसलो. बाबा भिंतीवरचा एकच फलक पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यावर काय लिहिलं होतं, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पट्टी निघाली तेव्हा आत्याने पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंच्या कोटाकडे बघितलं. "केवढा पांढरा," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून, "दादा, तू किती म्हातारा झालास रे!"

डोळा बरा झाल्यावर ती दुकानात गेली, आणि तिथे तिला दुसरा धक्का बसला. निळ्याच्या खोक्यात काळी रिळं, जांभळ्यात करडी, मोतियात पांढरी. किती दिवस हे चाललं होतं कोण जाणे. कोट शिवणारी बाई तेवढी परत आली. बाकीच्या कितीजणी काही न बोलता दुसऱ्या दुकानात गेल्या असतील, हा विचार तिला फार लागला. आम्ही दोघींनी सगळं दुकान जमिनीवर उतरवलं आणि नव्याने लावलं. ती एकेक रीळ दाराशी नेऊन बघायची, मग मला दाखवायची. "माझी खात्री आहे," म्हणायची, "पण तूही बघ."

थोरली तिच्यासाठी थांबली होती. फोरमनने चुकलेली बाजू अजून खरवडली नव्हती. आत्या डेपोत गेली आणि गाडीला वळसा घालून आली. आपल्या बाजूपुढे उभी राहिली तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! दवाखान्याची भिंत केली मी हिची!" ती हसत होती आणि कान लाल झाले होते. मग दुसऱ्या बाजूला गेली. तिथे मात्र तिचं हसू थांबलं आणि ती पत्र्याच्या अगदी जवळ गेली.

"काय झालं?" ब्रेककाकांनी विचारलं. "हाही चुकलाय की काय?"

"नाही, बरोबरच असणार. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय." ती पत्र्यावर हलकेच हात फिरवत होती. "माझ्या मनात जरा आणखी पिवळा होता. काउंटरवर बसून बघायचे तेव्हाचा." मग मान झटकून म्हणाली, "असेल. तेव्हा संध्याकाळचं ऊन पडायचं तिच्यावर."

चुकलेली बाजू पुन्हा रंगवली गेली. आत्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तारीख तिने दोनदा पुढे ढकललीय आणि बाबा रोज फोन करून विचारतात. दुकान चालू आहे. काही बायका परत आल्या, काही नाही आल्या.

मागच्या रविवारी दंतवैद्यांच्या बाकावर नवाच वाद निघाला. थोरलीच्या नंबरांचा सोनेरी रंग फार झगमगतो, खरा सोनेरी जरा तांबूस होता, असं दंतवैद्यांचं म्हणणं. ब्रेककाकांचं म्हणणं नेमकं उलट. दोघे हमरीतुमरीवर आले आणि शेवटी दोघांनीही आत्याकडे बघितलं.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "मला काय वाटतं ते मी सांगेन," ती म्हणाली, "पण आधी डेपोत जाऊन तुम्ही दोघं नीट बघा, आणि हिलाही घेऊन जा. मी शेवटी बोलेन." आणि तिने मला कोपराने ढोसलं, की ऊठ.